चार्ल्स ब्रॉन्सन नुसता चेहऱ्यावर चालला का? रांगडे रोल करणाऱ्या पोट्ट्याला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे, थोडक्यात देतो: "सर, मी सावनेरचा. बाबा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खदानीत आहेत. बॉडी आहे, चेहरा रांगडा आहे. दोन शॉर्टफिल्म आणि एक वेबसिरीज झाली, तिन्हीत गुंडच. सध्या चार्ल्स ब्रॉन्सनचे पिक्चर पाहून राहिलो. लोक म्हणतात त्याला ॲक्टिंग येतच नव्हती, चेहऱ्यावर चालला. खरं आहे का? आणि मी असेच मारामारीचे रोल करत राहिलो तर जन्मभर त्यातच अडकेन का?"

भाऊ, पहिले सरळ उत्तर देतो, मग खुलासा. नाही, हॉलिवूडचा हा नट नुसता चेहऱ्यावर नाही चालला. चेहऱ्यावर चालला असता तर १९५१ मधे पहिला पिक्चर आला तेव्हाच स्टार झाला असता, चेहरा तर तेव्हाही तोच होता. तो खरा स्टार झाला १९६८ च्या आसपास, तेही युरोपात, वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस, आणि स्वतःच्या देशात म्हणजे अमेरिकेत तर १९७४ मधे, वय बावन्न. मधली सतरा-तेवीस वर्षं तो माणूस काय करत होता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

मी नागपुरात नाटकं बसवतो, राज्य नाट्य स्पर्धेत आमची नाटकं असतात, झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या नटांसोबत काम केलं आहे आणि हल्ली जास्त करून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आहे अशा पोरापोरींना तयार करतो. तुझ्यासारखे रांगडे पोट्टे सगळ्यात जास्त येतात. आणि जवळपास सगळ्यांची खोड एकच. "गुंड कर" म्हटलं की छाती फुगते, जबडा आवळला जातो, नाकपुड्या फुगतात, आवाज खाली घशात जातो. मी म्हणतो बाबू, तू घाबरलेला दिसून राहिला. खरंच तसंच दिसते. ज्याला आपण तगडे आहो हे दाखवावं लागते तो पाहणाऱ्याला आतून कच्चा वाटते, कॅमेरा तर लगेच पकडतो. ब्रॉन्सन हे कधीच करत नव्हता. त्याचा कोणताही चांगला पिक्चर काढ आणि आवाज बंद करून पाहा, खांदे सैल असतात, हात मोकळे असतात, आणि तरी त्याच्या जवळ जायची हिंमत होत नाही.

हे कुठून आलं? तुझ्या घरी खदान आहे म्हणून इथून सुरू करतो. ब्रॉन्सनचं मूळ नाव चार्ल्स बुचिन्स्की, जन्म ३ नोव्हेंबर १९२१, पेनसिल्व्हेनियातलं एरेनफेल्ड नावाचं कोळशाच्या खदानीचं गाव. घराणं मूळचं लिथुआनियाकडचं, पंधरा भावंडं, वडील खदानीत आणि तेही तो लहान असतानाच गेले. मग हाही खदानीत उतरला, टनामागे एक डॉलर मिळे. घरची भाषा वेगळी, इंग्रजी नंतरची, शाळा पूर्ण करणारा घरातला पहिला. पुढं १९४३ मधे सैन्यात गेला, बी-२९ बॉम्बर विमानात गनर होता, जखमी झाला, लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला देतात ते पर्पल हार्ट पदक मिळालं. म्हणजे तिशीच्या आत या माणसानं जमिनीखालचं मरणही पाहिलं आणि आकाशातलंही.

आता लोक इथंच गफलत करतात. म्हणतात बघा, तो खऱ्या आयुष्यातच तगडा होता, म्हणून पडद्यावर दिसला. अरे, खदानीतून वर आलेली हजारो माणसं होती, सगळी थोडीच ब्रॉन्सन झाली. युद्धानंतर तो फिलाडेल्फियात एका नाटक मंडळीकडे पडदे-सेट रंगवायला लागला, मग कॅलिफोर्नियात पॅसाडेना प्लेहाउसमधे रीतसर अभिनय शिकला. शिकून आलेला नट आहे तो, रस्त्यावरून उचलून आणलेला पहिलवान नव्हे. खदानीनं त्याला काय दिलं तर एक शरीर दिलं ज्याला माहीत आहे की ताकद उगाच खर्च करायची नसते. तू बाबांना पाहत असशील, पाळी संपवून घरी आलेला माणूस कसा बसते, चप्पल कशी काढते, पाण्याचा गिलास कसा उचलते, किती शब्द बोलते. एकही हालचाल फालतू नसते कारण फालतू हालचालीला अंगात काही उरलेलंच नसते. ते पाहून ठेव. जिममधे जे मिळत नाही ते तुझ्या घरात रोज समोर बसून जेवून राहिलं आहे.

सुरुवातीची वर्षं अगदी किरकोळ कामं. १९५३ मधल्या 'हाउस ऑफ वॅक्स' मधे तो मुका नोकर आहे, एकही संवाद नाही, नाव अजून बुचिन्स्कीच. १९५४ मधे नाव बदललं, तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढायची मोहीम चालू होती आणि असं पूर्व युरोपी आडनाव कामाच्या आड येईल ही भीती होती. मग काउबॉयच्या वेस्टर्न पिक्चरमधे कधी रेड इंडियन, कधी डाकू, कधी सैनिक. १९५८ मधे 'मशीन गन केली' मधे लीड मिळाला, तो कमी बजेटचा पिक्चर, आणि त्याच वर्षी 'मॅन विथ अ कॅमेरा' ही टीव्ही मालिका, ती १९६० पर्यंत चालली, त्यात तो फोटोग्राफर आहे. मुद्दा काय, कामाला नाही म्हणत बसला नाही, पण प्रत्येक कामात एक गोष्ट नेमकी करून ठेवली.

१९६० चा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' तू पाहिला असशीलच, जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'सेव्हन समुराई' वरून केलेला. त्यात त्याच्या वाट्याला बर्नार्डो नावाचा भाडोत्री बंदूकवाला आहे, सातातला एक, मोठा रोल नाही. पण त्यात एक सीन आहे तो माझ्या पोरांना मी परत परत दाखवतो. गावातली पोरं त्याला म्हणतात की आमचे बाप भित्रे आहेत. तो पोराला धरतो, आडवा घालून चोपतो, आणि मग समजावतो की तुमचे बाप बंदूक घेत नाहीत म्हणून भित्रे नाहीत, बायकापोरांचा भार रोज खांद्यावर घेऊन जगायला जी हिंमत लागते ती माझ्याजवळ कधीच नव्हती. आता हा सीन दहातले नऊ नट रडका करतील किंवा भाषण करतील. त्यानं काय केलं तर राग आवाजात ठेवलाच नाही. मारताना राग आहे, बोलताना नाही, बोलताना त्याला स्वतःची लाज वाटून राहिली आहे आणि ती तो पोरापासून लपवून राहिला आहे. तगड्या माणसाच्या रोलमधे असं काहीतरी दाबून धरलेलं लागतेच. ते नसलं तर नुसती बॉडी उरते, आणि बॉडीवाले आज नागपुरात गल्लोगल्ली आहेत.

१९६३ चा 'द ग्रेट एस्केप' तर तुझ्यासाठीच आहे म्हण. युद्धकैद्यांच्या छावणीतून बोगदा खणून पळायचा बेत, आणि बोगदा खणणारा डॅनी म्हणजे ब्रॉन्सन. डॅनी पट्टीचा खणणारा, पण बंद जागेची त्याला भयंकर भीती आहे, शेवटी शेवटी तर बोगद्यात उतरायच्या नावानंच तो मोडतो. खदानीत काम केलेला नट आहे, जमिनीखाली श्वास कसा होते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. खोरं धरायची पद्धत, कोपर अंगाजवळ ठेवून माती मागं सारायची सवय, हे सगळं पाहा. आणि तगडा माणूस घाबरला की कसा घाबरते ते पाहा, ओरडत नाही, भीती आधी डोळ्यांत दिसते. या एका रोलमुळे मी म्हणतो की त्याला ॲक्टिंग येत नव्हती असं जे म्हणतात त्यांनी हा पिक्चर नीट पाहिलेला नाही.

मग १९६७ मधे 'द डर्टी डझन', तिथंही घोळक्यातलाच एक. आणि मग इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', १९६८. सुरुवातीला एका ओसाड स्टेशनवर तीन बंदूकवाले गाडीची वाट पाहून राहिले आहेत, दहा-बारा मिनिटं जवळजवळ काहीच होत नाही, माशी, पाण्याचा थेंब, पवनचक्कीची करकर. गाडी येते, कुणी उतरत नाही, गाडी निघून जाते आणि गाडीपलीकडे हा उभा, माउथ ऑर्गन वाजवत. हातात सामान, अंगावर धूळ, बस. पुढं अख्ख्या पिक्चरभर त्या पात्राला नाव नाही, संवाद मोजके, समोर हेन्री फोंडासारखा मोठा नट व्हिलन म्हणून, आणि लिओने कॅमेरा नेऊन त्याच्या डोळ्यांवर लावते. सगळं जग जो चेहरा 'हिरोचा नाही' म्हणत होतं त्याच्या सुरकुत्या लिओनेनं डोंगरासारख्या शूट केल्या. पण हे लक्षात घे, एवढ्या जवळून कॅमेरा लावला की खोटं लपत नाही. डोळ्यामागं विचार चालू नसला तर तो क्लोजअप पाच सेकंदात मरते. ब्रॉन्सनचा मरत नाही कारण तो पूर्ण वेळ एका गोष्टीची वाट पाहून राहिला आहे आणि ती काय हे आपल्याला शेवटी कळते, त्याला पहिल्या फ्रेमपासून माहीत आहे.

त्याच सुमारास युरोपात त्याची हवा झाली. फ्रान्समधे तिथला स्टार ॲलन डेलॉनसोबत पिक्चर, १९७० मधे रेने क्लेमाँचा 'रायडर ऑन द रेन', जपानमधे मँडम नावाच्या पुरुषांच्या प्रसाधनाची जाहिरात केली ती इतकी चालली की त्या कंपनीनं स्वतःचं नावच पुढं मँडम केलं. जगातला आवडता नट म्हणून गोल्डन ग्लोब पुरस्कारवाल्यांनी शॉन कॉनरीच्या जोडीनं त्याचा गौरव केला. आणि अमेरिकेत अजूनही तो दुय्यमच समजला जात होता. म्हणून सांगतो, मुंबईनं बोलावलं नाही म्हणून संपलो असं कुणी समजू नये. नागपुरातल्या पोरांवर नागराज मंजुळेनं 'झुंड' केला तो २०२२ मधे आला, त्यातली पोरं कुठं मुंबईला फोटो घेऊन फिरत होती? काम कुठल्या दारातून येईल सांगता येत नाही, तोवर हात चालू पाहिजे.

हाताचं निघालं तर 'द मेकॅनिक' सांगतो, १९७२ चा, दिग्दर्शक मायकल विनर. पहिली पंधराएक मिनिटं संवादच नाही. हा भाडोत्री खुनी आहे, समोरच्या इमारतीतून एका माणसावर पाळत ठेवते, त्याच्या खोलीत शिरते, गॅसशी काहीतरी करते, चहाशी काहीतरी करते, परत येऊन बसते. एवढंच. पण काम करणाऱ्या माणसाचे हात पाहत राहावंसं वाटते, कारण त्याला खून 'दाखवायचा' नाही, त्याला एक जोखमीचं काम बिनचूक उरकायचं आहे. आमच्याकडे मी हाच अभ्यास देतो. एक सायकल ठेवतो, उतरलेली चेन बसवायला सांगतो, आणि सांगतो की हे करता करता दाराबाहेर उभ्या माणसाचा तुला पत्ता लावायचा आहे, पण त्याला कळता कामा नये. पहिल्या दिवशी सगळे पोट्टे मान वर करून दाराकडे डोळे वटारतात. ज्या दिवशी नजर चेनवर राहते आणि फक्त बोटं क्षणभर थांबतात, त्या दिवशी खोलीत बसलेल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येते. तू घरी करून पाहा, मोबाइल स्टँडवर लाव आणि शूट कर.

आता 'डेथ विश', १९७४. याच्याशिवाय ब्रॉन्सनची गोष्ट होत नाही आणि याच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिला पिक्चर पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमधला एक आर्किटेक्ट, गुंड त्याच्या बायकोला मारतात, मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त करतात, आणि हा रात्री पिस्तूल घेऊन बाहेर पडायला लागते. पहिल्यांदा माणूस मारल्यावर तो घरी येऊन ओकतो. नटाच्या नजरेनं तो सीन महत्त्वाचा, कारण मारणं सोपं नाही हे त्या शरीरातून कळते. ब्रायन गारफिल्डच्या ज्या कादंबरीवर पिक्चर आहे ती तर असल्या बदल्याच्या विरोधात होती, लेखकाला पिक्चर पटला नाही. पण थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या, पैसा आला, आणि मग १९८२, ८५, ८७, ९४, एकामागं एक चार भाग. त्यात ओकणं गेलं, घाबरणं गेलं, हात थरथरणं गेलं, राहिला नुसता बंदूक घेतलेला म्हातारा. एवढा चांगला नट त्या भागांत वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटते. तू अडकण्याबद्दल विचारलं ना, अडकणं म्हणजे हे. तगडा रोल परत परत करणं म्हणजे अडकणं नव्हे, त्या रोलमधल्या माणसाची भीती आणि लाज काढून टाकणं म्हणजे अडकणं.

कारण मधेच १९७५ मधे त्यानं 'हार्ड टाइम्स' केला, वॉल्टर हिलचा पहिला पिक्चर, आणि तोही मारामारीचाच. मंदीच्या काळातलं न्यू ऑर्लिन्स, ग्लोव्हज न घालता नुसत्या मुठींनी पैजेवर लढणारा चेनी. ब्रॉन्सन पन्नाशी पार, शर्ट काढते तेव्हा आजच्या जिमवाल्यांनी तोंडात बोट घालावं. तो मालगाडीतून उतरते, खिशातले सहा डॉलर स्वतःवरच लावते, एक फटका मारते आणि समोरचा आडवा. तरी सगळ्यात लक्षात काय राहते तर त्याच्या खोलीतली मांजर, तिला तो खायला घालते, आणि गाव सोडून जाताना तिची सोय लावून जाते.  माझ्या मते त्याचं सगळ्यात पक्कं काम हेच.

आपल्याकडचं पाहायचं तर निळू फुले. पुण्यात माळीकाम केलेला माणूस, सेवा दलाच्या कलापथकातून आलेला. सरपंच, पाटील, साखर कारखान्याचा चेअरमन असे बेरकी रोल जन्मभर केले, बायाबापड्या त्यांना खरोखर शिव्या घालत. अंगानं काय होते? काहीच नव्हते. सगळा दरारा नजरेत आणि त्या दबक्या, ओढलेल्या आवाजात. सदाशिव अमरापूरकरांचा 'अर्धसत्य' मधला रामा शेट्टी पाहा, १९८३, माणूस बसल्या जागी बोलते आणि समोरचा इन्स्पेक्टर उभा असून लहान वाटते. आणि एकाच प्रकारात अडकायचं नसेल तर झाडीपट्टी आपल्या दारात आहे. दिवाळीनंतर हंगाम लागला की वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे रात्र रात्र नाटकं चालतात. परशुराम खुणेंना २०२३ मधे पद्मश्री मिळाली, त्यांच्या नावावर आठशे वेगवेगळ्या भूमिका आहेत. एखादा हंगाम कर. तिथं व्हिलनही करावा लागते, बापही करावा लागते, ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर कॉमेडीही गळ्यात पडते, आणि मांडवातली गर्दी कंटाळली की तोंडावर सांगते.

ब्रॉन्सनचा शेवटचा भाग थोडक्यात. बायको जिल आयर्लंड, तिच्यासोबत पंधरा-सोळा पिक्चर केले, १९९० मधे ती कॅन्सरनं गेली. त्यानंतर १९९१ मधे शॉन पेननं दिग्दर्शित केलेल्या 'द इंडियन रनर' मधे त्यानं एका खचलेल्या बापाचा छोटा रोल केला. बंदूक नाही, फटका नाही, एक थकलेला म्हातारा पोरासोबत फोनवर बोलते. ज्यांनी जन्मभर त्याला दगड म्हटलं ते तिथं गप्प झाले. ३० ऑगस्ट २००३ ला लॉस एंजेलिसमधे गेला, वय ८१.

आता तुझं. पुढचा रोल परत गुंडाचा आला तर घे, पण दिग्दर्शकाला दोन गोष्टी विचार: हा माणूस कमावते कसं, आणि याला कशाची भीती वाटते. उत्तर नसलं तर तू ठरव आणि कुणाला न सांगता कर, कॅमेऱ्याला दिसते ते. शोरीलमधे, म्हणजे काम मागताना दाखवायच्या व्हिडिओत, तुझ्या तिन्ही क्लिपा मारामारीच्या असतील तर दोन काढून टाक. एक अशी टाक जिच्यात तू हातानं काहीतरी काम करून राहिला आहे, आणि एक जिच्यात समोरचा बोलते आणि तू फक्त ऐकते, कट न करता चाळीस-पन्नास सेकंद. बोलण्यात नागपुरी येते म्हणून लाजायचं काम नाही, ती असू दे, फक्त शब्द स्पष्ट पाहिजे.

पिक्चर पाहायचा क्रम असा ठेव: आधी 'द ग्रेट एस्केप', मग लिओनेचा, मग 'द मेकॅनिक' ची सुरुवात आवाज बंद करून, मग 'हार्ड टाइम्स', आणि 'डेथ विश' चा पहिला. पहिला 'ग्रेट एस्केप' बाबांसोबत बसून पाहा, बोगद्याचे सीन आले की त्यांना विचार यात काय खरं आणि काय चुकलं, आणि ते जे सांगतील ते लिहून मला पाठव, मला ते वाचायचं आहे.